तीनशेला चार कमी दात

अख्ख्या नगर जिल्ह्यात दात मोजून कॉम्प्युटर विकत घेणारा माणूस एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या वहिनीचे वडील. हे मी ऐकीव सांगत नाही. ते दात मोजत होते तेव्हा त्यांचा चष्मा नाकावरून घसरू नये म्हणून तो मागून धरून उभं राहण्याची कामगिरी माझ्याकडे होती. त्या वेळी मी कॉम्प्युटरचा एक वर्षाचा कोर्स करून सावेडीतल्या एका क्लासात शिकवायला लागलो होतो आणि या विषयातलं मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. ती खात्री या माणसाने माझ्या हातून कधी काढून घेतली ते मला समजलंसुद्धा नाही.

मी त्यांना मामा म्हणत असे आणि ते मला पाहुणं म्हणत. मामा बेलापूरचे, धंद्याने हेडी. हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. घोडेगाव, लोणी, काष्टी असे बाजार करण्यात त्यांची हयात गेलेली. त्यांच्या लेखी आठवड्याला वार नव्हते, बाजारच होते. ‘लोणीच्या दुसऱ्या दिवशी येतो’ असा त्यांचा निरोप आला की आमची आई कॅलेंडर काढून बसायची. त्यांचं जगाकडे बघणंही बाजारातलंच. वस्तू असो की माणूस, आधी भोवतीनं एक चक्कर मारायची, मग मागून बघायचं, मग चालवून बघायचं. दादाला बघायला ते आमच्या घरी आले तेव्हा चहा झाल्यावर त्याला म्हणाले, “जरा तांब्याभर पानी आनता का?” दादाने आणलं. मामांनी ते तसंच बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “आनखी एक आना.” पहिल्या खेपेला त्यांनी चाल पुढून बघितली होती, दुसऱ्या खेपेला मागून बघायची होती. निघताना आमच्या वडिलांना बाजूला घेऊन त्यांनी निकाल दिला, “चाल सरळ हाय. खांदा जरा पडलाय, पन कामाला लागल्यावर भरंल.” वडिलांना हा काहीतरी आशीर्वादच वाटला. लग्न झालं, दोन मुलं झाली, पण सासरे घरात आले की दादा अजूनही खांदे ताठ करून बसतो.

खांद्यावरचं उपरणं मात्र मामा उगाच वागवत नसत. बैलाच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे हेडी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबतात, सोडतात, आणि वरून गप्पा भलत्याच मारतात. बघणाऱ्याला वाटावं, दोन जुने मित्र भेटलेत. ही पद्धत कशाला, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं, बाकीच्या गिऱ्हाइकांना भाव कळू नये म्हणून असेल. मामा म्हणाले, “जनावरापुढं त्याची किंमत बोलू ने पाहुणं. त्याच्या मनाला लागतं.” दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तोंडाने ‘नाही’ म्हणणंही त्यांच्या शास्त्रात बसत नव्हतं. जे काय असेल ते हाताने सांगायचं. ही बोटांची भाषा मला शिकवा म्हणून मी किती वेळा त्यांच्या मागे लागलो, पण दर वेळी त्यांचं उत्तर एकच. “ही शिकवून येत न्हाई. बाजारात हात द्यावा लागतो.”

बैल विकायचे हा झाला धंदा. जीव अडकला होता तो शर्यतीत. पाखऱ्या आणि सोन्या ही त्यांची घरची जोडी. ती त्यांनी कधी नुसती दाखवायला म्हणूनही बाजारात नेली नाही. छकड्यावर उभं राहून, दोन्ही कासरे एका हातात धरून पन्नाशी ओलांडलेला हा माणूस यात्रेच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, असा काही सुटायचा की मामी देवळात जाऊन डोळे मिटून बसायच्या. एका वर्षी छकडा कलंडला, चाक मांडीवरून गेलं आणि मामा तीन महिने खाटेवर पडले. उठले ते काठी घेऊनच. मामींनी गळ्याची शपथ घातली आणि शर्यत सुटली. मग दोन वर्षांनी सोन्या आजाराने गेला. एकटा पाखऱ्या दावणीला नुसता उभा राहू लागला. उभं जनावर बिघडतं हे आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेल्या माणसाने शेवटी छातीवर दगड ठेवून तो एका तरण्या शर्यतवाल्याला दिला. दावं तेवढं ठेवून घेतलं. जनावर विकावं, पण त्याचं दावं देऊ नये, गोठ्याची लक्ष्मी त्याबरोबर जाते, अशी रीत आहे. ते दावं ओसरीवरच्या खुंटीला अडकलं आणि पैसे फडक्यात बांधून पेटीत गेले. मामींना स्वयंपाकघरावर नवे पत्रे हवे होते. मामा म्हणाले, “बैलाचा पैसा बैलातच जाईल.” आणि बैल तर घ्यायचा नव्हता. त्यामुळे पत्रे गळत राहिले आणि पैसे पेटीत पडून राहिले.

अशात मामा पायाचा फोटो काढायला नगरला आमच्याकडे आले. त्या दिवशी मी डबा विसरलो होतो. वहिनीने तो मामांच्या हाती क्लासवर पाठवला. क्लासचे मोठे सर जेवायला बाहेर गेले होते आणि दोन पोरं मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळत होती. मी त्यांना रागावण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात दारात मामा दिसले. डबा एका हातात, काठी दुसऱ्या हातात, आणि नजर पडद्यावर. मोटार डावीकडे वळली की मामा डावीकडे झुकत, उजवीकडे वळली की उजवीकडे. अर्धा तास ते तसेच उभे. मग मला म्हणाले, “पाहुणं, असलं एक आपल्याला पायजे.” मी म्हटलं, “मामा, कशाला? धंद्याच्या हिशेबाला का?” ते म्हणाले, “हिशेबाला नांगराचं बी चालंल. मला शर्यतीचं पायजे.” मला हसू फुटलं. पण मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. काठी त्यांनी केव्हाच भिंतीला टेकवली होती आणि रिकाम्या हाताची बोटं कासरा धरल्यासारखी वळलेली होती. चार वर्षं हा माणूस कुठल्याही पळत्या गोष्टीच्या मागे उभा राहिला नव्हता. मी हसू आवरलं आणि म्हटलं, “बघू या.”

बघू या म्हणणं सोपं होतं. पाखऱ्याच्या पैशांत सगळं बसवायचं होतं, वर एक रुपया घालायचा नाही अशी मामांची अट. तयार कॉम्प्युटर परवडणारा नव्हता, तेव्हा एकेक भाग निवडून जोडायचा असं ठरलं. मी रात्रभर बसून यादी केली. सगळ्यात जास्त पैसे प्रोसेसरला, उरले तर बाकीच्यांना. चित्र दाखवायचं कार्ड काय, कुठलंही स्वस्तातलं चालतं, हे माझं त्या वेळचं ज्ञान. सकाळी मामांना यादी वाचून दाखवली. त्यांनी प्रत्येकाचं काम विचारलं. मी सांगितलं, प्रोसेसर विचार करतो, कार्ड चित्र काढतं. “शर्यतीत दोगंबी पळत्यात का?” मी म्हटलं, “पळतात.” “म्हंजे एका जुवाखाली हायेत,” मामा म्हणाले. “आन् तुमी एक खिलार घेताय आन् एक गावठी. खिलार पुढं वढनार, गावठी मागं राहनार, छकडा कलंडनार. मांडी माझी मोडली हाय पाहुणं, तुमची न्हाई.” मी त्यांना समजावायला तोंड उघडलं आणि मला क्लासातली पोरं आठवली. खेळणाऱ्या पोरांची तक्रारही नेमकी हीच असायची, की यंत्र महागाचं आहे पण मोटार अडखळत पळते. मी यादी फाडली आणि जोड लावायला बसलो. प्रोसेसर एक पायरी खालचा, तोही वापरलेला, आणि कार्ड दोन पायऱ्या वरचं.

दुकान झेंडीगेटच्या बाजूला एका बोळात होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, शिकलेला. मागच्या खुर्चीत त्याचे म्हातारे अब्बा अडकित्ता घेऊन बसलेले. मुलाने एका कचेरीतून निघालेला प्रोसेसर दाखवला. मामांनी तो उलटा केला. खालच्या बाजूला सोन्याच्या रंगाच्या बारीक पिनांच्या रांगा. त्यांचा चेहरा खुलला, कारण अखेर ओळखीचं काहीतरी सापडलं होतं. “दात हायेत की याला,” असं म्हणून त्यांनी दाभण मागून घेतला आणि मोजायला सुरुवात केली. मी चष्मा धरला. मध्ये दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. शेवटी मामांनी मान वर केली आणि काळजीच्या सुरात म्हणाले, “तीनशेला चार कमी. पाहुणं, आठ दाताला जनावर जुळतं, म्हंजे वयात भरतं, मग उताराला लागतं. ह्ये किती म्हातारं असंल?” याचे दात जन्मतःच सगळे असतात, वयानुसार येत नाहीत, हे पटवायला माझा चहा गार झाला. त्यातही एक दात वाकडा निघाला. दुकानदाराच्या ध्यानातही आला नव्हता. मामांनी तो दाभणाच्या टोकाने असा अलगद सरळ केला की दुकानदार बघत राहिला. खोड सांगितली नाही म्हणून पन्नास रुपये मात्र त्यांनी कापून घेतले.

मग आलं कार्ड. दुकानदाराने खोका उघडला आणि किंमत बोलू लागला. मामांनी चटकन उपरण्याचा पदर कार्डावर टाकला. “त्याच्यापुढं नको,” म्हणाले, आणि उपरण्याखालून हात पुढे केला. मुलगा त्या हाताकडे नुसता बघत राहिला. तेवढ्यात मागून अडकित्त्याचा आवाज थांबला. अब्बांनी विचारलं, “कुठल्या बाजाराचे तुम्ही?” मामा म्हणाले, “घोडेगाव.” अब्बा गुडघ्यांवर हात देत उठले. गुडघे जाईपर्यंत त्यांनीही तीस वर्षं बैलच विकले होते. त्यांनी उपरण्याखाली हात घातला, आणि घोडेगावच्या बाजारातला भेळवाला अजून आहे का, त्याचा मुलगा बसतो की जावई, अशी विचारपूस सुरू झाली. भेळवाल्याचं सगळं घराणं होईपर्यंत खाली बोटं चालू होती. मग मामांनी उपरणं झटकलं. सौदा झाला होता. यात एकच अडचण होती. अब्बांना बोटं येत होती पण ही वस्तू काय आहे ते ठाऊक नव्हतं, आणि मुलाला वस्तूची खरेदी ठाऊक होती पण बोटं येत नव्हती. अब्बांनी मुलाच्या कानात आकडा सांगितला तेव्हा त्याने खोका छातीशी धरला. “अब्बा, याच्यात आपलंच जातंय.” अब्बा शांतपणे म्हणाले, “हात दिला, बेटा. तोंडानं मागं घेता येतं, हातानं नाही.” मामांनी त्या मुलाचा चेहरा बघितला. मग जुन्या मालातला एक मॉनिटर निवडला आणि त्याने जी किंमत लिहून दिली ती हूं की चूं न करता मोजली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “एकात त्यानं सोसलं, एकात आपन.”

बेलापूरला टेम्पोतून उतरलो तेव्हा गल्ली जमली होती. नवं जनावर दारात आलं की पायावर पाणी घालून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मामी तांब्या घेऊन पुढे आल्या आणि कॅबिनेटच्या चार पायांवर पाणी सोडणार, एवढ्यात मी मध्ये पडलो. बरंचसं माझ्या पँटीवर गेलं. ओसरीवर टेबल मांडून मी सगळं जोडलं, आणि बघतो तर मॉनिटरची विजेची वायर नाही. खोकी उलटीपालटी केली. मामा शांत होते. “ती दुकानात ठिवली,” म्हणाले. “मुद्दाम ठिवली. जुनं जनावर हाय, दावं मालकाचं. आपन आपलं नवं बांधायचं.” असं म्हणून त्यांनी खरोखरच नव्या सुताचं विणलेलं, गोंडे लावलेलं दावं काढलं. शेवटी गावातल्या झेरॉक्सवाल्याच्या यंत्राची वायर मिळाली आणि त्या संध्याकाळी बेलापुरात कुणाच्या सातबाऱ्याची झेरॉक्स निघाली नाही. दुसऱ्या दिवशी मी श्रीरामपूरहून नवी वायर आणली. तिला मामांनी स्वतःच्या हाताने गोंडा बांधला.

खेळ सुरू झाला तेव्हा पडद्यावर खेळणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. मी मामांचं घालू लागलो. ते म्हणाले, “माझं नको. पळनाऱ्याचं टाका.” मी इंग्रजीत पाखऱ्या लिहिलं. आठच अक्षरांची जागा होती, बरोबर बसलं. बाणाच्या दोन बटणांना त्यांनी डावा कासरा आणि उजवा कासरा अशी नावं दिली. पहिल्या वळणाला मोटार खड्ड्यात गेली. दुसऱ्यांदा गेली. तिसऱ्यांदा मामांनी जिभेने टकटक असा आवाज काढला, वळणावर अंग टाकलं, आणि मोटार वळली. मामी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. शपथ मोडली की नाही, याचा त्या बहुधा विचार करत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, “खुर्चीवरून पडू नका म्हंजे झालं.” त्या दिवशी मामांचा चौथा नंबर आला. चौथा आलेला माणूस इतका खूश मी पुन्हा बघितला नाही.

पुढे दोन वर्षं रोज दुपारची भाकरी झाली की तासभर शर्यत. उन्हाळ्यात यंत्र तापून मध्येच थिजायचं. त्याला मामा ‘बसलं’ म्हणत आणि बसलेल्या बैलाला मारू नये म्हणून कुणाला बटण दाबू देत नसत. सुपाने वारा घालत. पत्रातून मला नंबर कळवत. खुशाली एका ओळीत आणि घाटातली हकीकत दोन पानं.

मग डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही महिने पडदा बघायचा नाही असं बजावलं. यंत्र फडक्याखाली उभं राहिलं. गावातले एक गुरुजी ते विकत मागायला आले. मामींना ओसरी मोकळी हवी होती, त्यांनी गुरुजींना चहाच ठेवला. मामांनी मला निरोप धाडून बोलावून घेतलं. डोळ्यावर हिरवी पट्टी, खांद्यावर उपरणं. म्हणाले, “सौद्यात पाहुणं मदी राहतील.” इतकी वर्षं मागितलेला मान मिळाला म्हणून माझी छाती फुगली. मी उपरण्याखाली हात दिला. मामांनी माझी पाचही बोटं एकेक करून मिटली, मूठ केली आणि ती घट्ट दाबून धरली. बराच वेळ धरली. पाच बोटं म्हणजे पाच हजार, हे काय सांगायला हवं? मी ऐटीत गुरुजींना म्हटलं, “पाच हजार.” गुरुजींनी लगेच मान डोलावली. मामा उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “हात दिलाय. न्या.” टेबल रिकामं होईपर्यंत ते उठले नाहीत. फक्त मॉनिटरची वायर त्यांनी आधी काढून घेतली. गुरुजींनी ती मागितली तेव्हा मीच म्हटलं, नवी मी आणून देतो.

वर्षभराने त्या बोळातल्या दुकानात गेलो होतो. अब्बांना मी माझी दलाली रंगवून सांगितली. ते म्हणाले, “हात कसा धरला, दाखवा.” मी त्यांची बोटं मिटून मूठ केली. त्यांनी हात तसाच राहू दिला. मग म्हणाले, “हा भाव नाही, भाऊ. मूठ मिटली म्हणजे जनावर घरचं आहे. विकायचं नाही.”

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी मी बेलापूरला गेलो. ओसरीवरच्या खुंटीला पाखऱ्याचं दावं होतं आणि त्याच्यावर गोंडा बांधलेली काळी वायर. मामांचा डोळा आता स्वच्छ झाला होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि म्हटलं, “मामा, तेव्हाच का नाही बोललात?” ते म्हणाले, “तोंडानं कसं बोलू? समोर गिऱ्हाईक, आन् आपलं त्येबी फडक्याखाली तिथंच उभं.” मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “जाऊ द्या. गुर्जी पळवत्यात त्याला. उभं तर न्हाई.” मी म्हटलं, दुसरं जोडू, मी पैसे घालतो. त्यांनी मान हलवली. “बगू. बाजार काय पळून जात न्हाई.” ते बघणं काही झालं नाही. पुढच्या थंडीत मामा गेले.

पण त्या भेटीच्या दिवशी ते काठी टेकत मला एस.टी.पर्यंत सोडायला आले होते. गाडी लागल्यावर त्यांनी उपरणं पुढे केलं. मी हात दिला. त्यांनी माझी बोटं एकेक करून मिटली आणि मूठ दाबून धरली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. “एक तरी आली न्हवं आता,” मामा म्हणाले आणि हात सोडला. बाजारातल्या त्या सगळ्या खुणांपैकी मला येते ती तेवढी एकच.